जलद मेटल वाजवण्यासाठी बेस गिटारच्या तारा कशा निवडाव्यात

मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला २०० ठोक्यांवर ठेवून प्रत्येक ठोक्यात चार स्वर वाजवायचे ठरवले, तर सेकंदाला तेराहून थोडे अधिक स्वर होतात आणि एकेका स्वराच्या वाट्याला ७५ मिलिसेकंद येतात. थ्रॅश किंवा डेथ मेटल या मेटल संगीताच्या वेगवान प्रकारांत ही लय नेहमीचीच आहे. आता बेस गिटारची सर्वांत जाड तार पाहा. ई स्वरात लावलेली ही तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, त्यामुळे त्या ७५ मिलिसेकंदांत तिची जेमतेम तीन कंपने पूर्ण होतात. पाच तारांच्या बेसवरची बी तार, जिची कंपने सेकंदाला ३१ च्या आसपास असतात, ती तर सव्वादोन कंपनांतच आटोपते. एवढ्या अवधीत मूळ कंपनावरून स्वर ओळखणे कानाला फार अवघड जाते. तो ओळखतो मुख्यतः वरच्या उपस्वरांवरून, म्हणजे त्याच तारेत त्याच वेळी होणाऱ्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांवरून. ई तारेचा चौपट कंपनांचा उपस्वर त्याच ७५ मिलिसेकंदांत बारा वेळा हलतो आणि कानाला धरायला काहीतरी देतो.

तानपुरा ऐकलेल्या माणसाला हे नवे वाटू नये. खर्जाची तार आपल्याला इतकी भरीव ऐकू येते ती जवारीने फुलवलेल्या उपस्वरांमुळे. जवारी बिघडली की तीच तार मुकी वाटू लागते. बेसवर जवारी नसते. तिथे हे काम तारेची जाडी, तिचा ताण, तिचा धातू आणि तिचा ताजेपणा यांना मिळून करावे लागते.

हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे, की जलद वाजवायचे असेल तर पातळ तारा घ्याव्यात, असा एक समज फार रुळलेला आहे. तो वरवर पटतो, कारण पातळ तार दाबायला हलकी असते. महाविद्यालयात असताना मीही याच समजापायी ४० ते ९५ जाडीचा पातळ सेट (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागांत असतात) बसवला होता आणि आमच्या बँडने सगळी वाद्ये ई ऐवजी सी पर्यंत उतरवली होती. हात पळत होता, यात शंका नाही. पण ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा जाड तारेवरचा प्रत्येक वेगवान तुकडा म्हणजे फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटणाऱ्या तारेचा खडखडाट आणि त्याखाली नुसती घरघर, एवढेच उरले होते. ड्रमरने विचारले की बेस नक्की कोणता स्वर वाजवतो आहे, आणि मला प्रामाणिकपणे सांगता येईना.

असे का होते, हे समजायला सतराव्या शतकातला एक नियम पुरेसा आहे. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरू-गणितज्ञाने १६३६ मध्ये तो मांडला. तारेची कंपनसंख्या तिच्या लांबीवर, तिच्यावरच्या ताणावर आणि दर इंचाला तिचे वजन किती आहे यावर ठरते, असा त्याचा आशय. बेसवादकाच्या कामाची गोष्ट त्यातून अशी निघते: लांबी आणि तार तीच ठेवून सूर उतरवला, तर ताण सुराच्या मानाने फार झपाट्याने घसरतो. १०५ जाडीची ई तार (म्हणजे सुमारे २.६७ मिलिमीटर जाड) ३४ इंची बेसवर साधारण १८ किलोच्या ताणाने ओढलेली असते. तीच तार डी पर्यंत उतरवली की ताण वीस टक्क्यांनी कमी होऊन साडेचौदा किलोच्या खाली येतो. सी पर्यंत नेली तर साडेअकराच्या आत, आणि बी पर्यंत नेली तर जवळपास दहावर. माझ्या ९५ च्या तारेवर सी मध्ये जेमतेम नऊ किलो ताण उरला असणार, म्हणजे साधारणतः हवा त्याच्या निम्मा.

तार जितकी सैल, तितका तिचा झोका मोठा. मोठ्या झोक्याचा पहिला तोटा म्हणजे ती फ्रेटवर आपटते. दुसरा तोटा अधिक फसवा आहे. सैल तारेला जोरात छेडले की पहिल्या क्षणी ती ताणली जाते, सूर थोडा वर चढतो आणि मग हळूहळू जागेवर येतो. संथ वाजवताना हे चालून जाते, पण जलद वाजवताना तो जागेवर येण्याआधीच पुढचा स्वर आलेला असतो. परिणामी ट्यूनर दाखवतो की तार अगदी सुरात आहे, आणि वाजवताना मात्र ती सतत चढीच ऐकू येते. स्टुडिओत काही जण यासाठी तार छेडल्याच्या पहिल्या क्षणाचा सूर ट्यूनरवर पाहतात आणि त्यानुसार ती किंचित उतरवून लावतात. उपाय चांगला आहे, पण तो आजाराच्या लक्षणावरचा.

तिसरा तोटा हाताला कळतो. छेडणाऱ्या बोटाला तार प्रत्येक वेळी त्याच जागी सापडावी लागते. एका सेकंदात तेरा वेळा ती वेगळ्याच ठिकाणी झोके घेत असेल, तर बोट कितीही तयार असो, लय डगमगते. त्यामुळे वेगासाठी हलक्या तारेपेक्षा जागेवर राहणारी तार अधिक उपयोगाची, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

म्हणून दुकानात जाण्याआधी आपला बँड कोणत्या सुरात वाजवतो, याचे उत्तर हातात हवे. मेटलमध्ये हा प्रश्न तसा जुनाच आहे. ब्लॅक सबाथ या ब्रिटिश बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याने कारखान्यातल्या अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावली होती. तो डावखुरा असल्यामुळे तार दाबण्याचा त्याचा हात तोच. तारा सैल पडल्या तर दुखणे कमी होईल म्हणून त्याने सूर उतरवले, आणि १९७१ च्या अल्बममध्ये काही गाणी तीन अर्धस्वरांनी (अर्धस्वर म्हणजे सप्तकाच्या बारा पायऱ्यांपैकी एक) खाली गेली, तेव्हा बेसवादक गीझर बटलरलाही खाली जावे लागले. तीन अर्धस्वर म्हणजे ताणात २९ टक्क्यांची घट. त्या गाण्यांच्या संथ, जड चालीत सैल तारेचा तो लोंबता आवाज शोभूनही दिसतो. तोच आवाज २०० च्या लयीत मात्र चिखल होतो.

हिशेब सोपा आहे. ताण पूर्वीइतकाच ठेवायचा असेल, तर सूर जितक्या पटीने उतरवाल तितक्या पटीने जाडी वाढवावी लागते. ई मध्ये १०५ आवडत असेल, तर डी साठी ती ११८ च्या आसपास, सी साठी १३२ आणि बी साठी १४० होते. नेमक्या याच आकड्याची तार बाजारात मिळेलच असे नाही, जवळची घ्यावी. फक्त ड्रॉप डी, म्हणजे एकच जाड तार दोन अर्धस्वरांनी खाली, एवढेच करायचे असेल, तर ५० ते ११० चा सेट पुरतो आणि उरलेल्या तीन तारा नेहमीच्या सुरात फार कडकही वाटत नाहीत. चार तारांचा बेस पूर्णपणे सी मध्ये लावायचा असेल, तर एक जुनी युक्ती अजूनही सर्वांत स्वस्त पडते: पाच तारांचा सेट घ्यायचा, त्यातली सर्वांत पातळ जी तार बाजूला ठेवायची, आणि बी, ई, ए, डी या चार तारा चढवून त्या प्रत्येकी एकाच अर्धस्वराने वर घ्यायच्या. १३० ची बी तार सी मध्ये लावली की तिच्यावर पुन्हा साधारण १८ किलो ताण येतो, म्हणजे हाताला ओळखीचा बेस परत मिळतो.

या युक्तीत दोन ठिकाणी अडते आणि दोन्ही ठिकाणी मी अडलो आहे. नटमधली, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीतली, खाच १०५ साठी कापलेली असते. १३० ची तार तिच्यात खाली बसत नाही, वरच तरंगते, आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवर सूर चढा लागतो. खाच कानशीने रुंद करावी लागते, आणि हे काम पहिल्यांदा तरी जाणकाराकडून करून घ्यावे, कारण जास्त खोल गेलेली खाच परत भरणे कटकटीचे असते. दुसरे म्हणजे खुंटीचे भोक. काही खुंट्यांत एवढी जाड तार शिरतच नाही. बऱ्याच जाड तारांचे टोक याचसाठी निमुळते केलेले असते. पाकिटावर तसे लिहिले आहे का, ते पाहून घ्यावे.

मग जाडी वाढवतच का जाऊ नये? कारण एका मर्यादेनंतर तार ही तार राहत नाही, सळई होऊ लागते. फार जाड तार वाकायला ताठ असते, त्यामुळे तिचे उपस्वर मूळ स्वराच्या नेमक्या पटीत न येता थोडे चढे येतात आणि सूर धूसर वाटतो. ज्या उपस्वरांवर आपण सगळी भिस्त ठेवली, तेच बिघडतात. यावरचा खरा उपाय तारेत नाही, वाद्याच्या लांबीत आहे. फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा नटपासून ब्रिजपर्यंतची (तारा अंगावर जिथे टेकतात तिथपर्यंतची) लांबी ३४ इंच ठरवली, आणि आजही बहुतेक बेस त्याच मापाचे असतात. पण ती लांबी ई तारेसाठी ठरली होती, बी साठी नव्हे. लांबी ३५ इंच केली की तीच तार त्याच सुरात सहा टक्के अधिक ताणली जाते. डिंगवॉल कंपनीच्या बेससारख्या तिरप्या फ्रेटच्या वाद्यांवर बी तार ३७ इंचांची असते, तिथे हा फरक १८ टक्क्यांपर्यंत जातो, आणि जाडी न वाढवता बी स्वच्छ बोलते. आधुनिक मेटलमध्ये असे बेस एवढे का दिसतात, याचे बरेचसे उत्तर यात आहे. बेस बदलणे प्रत्येकाला परवडणारे नाही. पण ३४ इंची बेसवर बी मध्ये वाजवणाऱ्याने १३० किंवा १३५ च्या पुढे जाण्याआधी दोनदा विचार करावा, एवढे मात्र म्हणता येते.

सेटमधल्या तारांचा ताण आपापसांतही सारखा नसतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नेहमीच्या ४५ ते १०५ च्या सेटमध्ये ई तारेवर १८ किलो असतील, तर डी तारेवर २३ च्या आसपास असतात. एका तारेवरून दुसरीवर उडी मारताना बोटाला बसणारा हा धक्का तीन बोटांनी छेडणाऱ्यांना विशेष जाणवतो. कॅनिबल कॉर्प्स या डेथ मेटल बँडच्या ॲलेक्स वेबस्टरची तीन बोटांची पद्धत शिकू पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. यासाठी समान ताणाचे सेट मिळतात, नाहीतर तारा सुट्या घेऊन सेट जुळवता येतो.

आता धातू आणि गुंडाळी. बेसची तार म्हणजे आत पोलादी गाभा आणि त्यावर घट्ट गुंडाळलेली दुसरी तार. वरची गुंडाळी गोल तारेची असेल तर राउंडवाउंड, चपट्या पट्टीची असेल तर फ्लॅटवाउंड. साठच्या दशकात तारा बनवणाऱ्या रोटोसाउंडने द हू या ब्रिटिश रॉक बँडच्या बेसवादक जॉन एंटविसलला सोबत घेऊन राउंडवाउंड तारा घडवल्या, तेव्हापासून बेसला पियानोसारखा धारदार आवाज मिळाला. जलद मेटलसाठी राउंडवाउंड घ्याव्यात, हा सल्ला सुरक्षित आहे. पण या नियमाला एक इतका मोठा अपवाद आहे की तो लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस, ज्याची दोन बोटांची घोडदौड ऐकून निम्मे मेटल बेसवादक या वाद्याकडे वळले, तो फ्लॅटवाउंड वापरतो, तेही ५० ते ११० चा जाड सेट. १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानात आयर्न मेडनच्या कार्यक्रमाला जे हजर होते त्यांनी तो खणखणाट प्रत्यक्ष ऐकला आहे. हे साधते कसे? त्याचा बँड मुख्यतः ई मध्येच वाजवतो, त्यामुळे ताण भरपूर. तारा प्रत्येक कार्यक्रमाला नव्या. आणि बोटांचा प्रहार असा, की तार फ्रेटवर आपटून तिथूनच वरचे उपस्वर निघतात. रोज नवा सेट आणि तसा हात या दोन्ही गोष्टी ज्याच्याकडे असतील, त्याने खुशाल फ्लॅटवाउंड घ्याव्यात.

राउंडवाउंडमध्ये मुख्य निवड दोनच: स्टेनलेस स्टील किंवा निकेलचा मुलामा दिलेले पोलाद. स्टेनलेसचा आवाज अधिक चकचकीत. डबल किक (दोन्ही पायांनी वाजवलेला मोठा ड्रम) आणि खाली उतरवलेल्या दोन गिटारींच्या गर्दीत बेस ऐकू यायला ज्या कंपनसंख्या लागतात, सेकंदाला सातशेपासून तीन हजारांपर्यंतच्या, त्या स्टेनलेस तारेत मुबलक असतात. किंमत बोटे आणि फ्रेट मोजतात. पृष्ठभाग खरखरीत, त्यामुळे डावा हात सरकवताना घर्षण जाणवते आणि साध्या फ्रेट लवकर झिजतात. निकेलची तार हाताला मऊ आणि आवाजाला थोडी गोल. माझा स्वतःचा कौल असा: पिकने (तार छेडायच्या छोट्या चपट्या तुकड्याने) वाजवत असाल तर निकेल पुरे, कारण पिकची कड तारेतून हवी तेवढी धार काढतेच, बोटांनी वाजवत असाल आणि आवाजात डिस्टॉर्शन (मुद्दाम आणलेली खरखर) असेल तर स्टेनलेस. डिस्टॉर्शनला चावायला उपस्वर लागतात, मंद तार दिली तर ते नुसते भुरभुरते.

गाभ्याविषयी थोडक्यात. षट्कोनी गाभ्यावर गुंडाळी कोपऱ्यांना पकडून बसते, तार थोडी ताठ आणि भरवशाची वाटते. गोल गाभ्याची तार लवचीक असते, पण तिची गुंडाळी केवळ घट्टपणावर टिकलेली असते. अशी तार कापण्याआधी खुंटीपाशी काटकोनात घट्ट मुडपावी लागते. मी एकदा आधी कात्री चालवली. टोकाकडून गुंडाळी किंचित सुटली, डोळ्यांना दिसलीसुद्धा नाही, आणि नवी कोरी ई तार पहिल्याच दिवशी लाकडाच्या पट्टीसारखी ठक-ठक वाजू लागली. बेसच्या तारांचा सेट गिटारच्या सेटच्या कित्येक पट महाग असतो, त्यामुळे हा धडा चांगलाच लक्षात राहिला.

मुंबई, कोकण आणि गोव्यात तारेचा शत्रू वादकाइतकाच पावसाळा असतो. घामातले मीठ, बोटांचे तेल आणि दमट हवा यांचा थर गुंडाळीच्या फटींत साचतो आणि सर्वांत आधी वरचे उपस्वर मारतो. खालचा घुमारा शिल्लक राहतो, म्हणून घरी एकट्याने वाजवताना काही बिघडल्यासारखे वाटत नाही, आणि बँडसोबत उभे राहिले की बेस नाहीसा होतो. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तार खालूनसुद्धा पुसणे, आणि बेस बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवणे, एवढ्याने बरेच आयुष्य वाढते. संरक्षक थर दिलेल्या तारा दमट हवेत खरोखर टिकतात. पहिल्या दिवशी त्या उघड्या स्टेनलेसपेक्षा किंचित मंद वाटतात, महिन्याभराने मात्र चित्र उलटे होते. जुन्या तारा उकळण्याची युक्ती अनेकांनी ऐकली असेल. ती चालते, कारण उकळत्या पाण्याने तो तेलकट थर सुटतो, पण तेज थोडेच दिवस राहते आणि तार नीट वाळवली नाही तर आतून गंज धरते. ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी पैसे नसतील तर करावे असे हे काम आहे.

तारांची जाडी बदलली की बेसही त्यांच्या मापाचा करून घ्यावा लागतो. चार तारा मिळून मानेवर सुमारे ८० किलोंचा ओढा असतो, म्हणजे एक धडधाकट माणूस लटकल्यासारखाच. हा ओढा वाढला की मान पुढे वाकते, तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात आणि दाबायला जड होतात. मग दोष जाड तारांना दिला जातो. पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे अंगाला मिळते तिथल्या फ्रेटवर तार दाबून धरावी, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत किती फट आहे ते पाहावे. साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे जाड व्हिजिटिंग कार्डाएवढी फट असावी. ती जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, एका वेळी पाव फेराच घट्ट करावा आणि मानेला काही तास द्यावेत. त्यानंतर ब्रिजवरची उंची आणि शेवटी इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर नेमका लागेल अशी तारेची लांबी जुळवणे), याच क्रमाने. नीट ताणलेली तार झोका कमी घेते, म्हणून तिच्याखालची उंची पातळ तारेपेक्षा कमी ठेवता येते, आणि दाबायला ती जड पडेल ही भीती बरीचशी तिथेच संपते.

तार चढवताना ती पिळली जाऊ नये याची काळजी घ्यावी, आणि सुरात आल्यावर ब्रिजच्या पुढे लगेच अंगठ्याने हलके दाबून तिला तिथे स्पष्ट कोन द्यावा. कमानीसारखी वळून बसलेली तार कधीच स्वच्छ वाजत नाही. पहिले दोन दिवस सूर उतरत राहतो, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नवा सेट चढवू नये. मी रिकाम्या पाकिटावर तारीख आणि बँडचा सूर लिहून ते पेटीच्या झाकणात आतून चिकटवतो. आत्ता तिथे जे पाकीट आहे त्यावर लिहिले आहे: सी, १३० ते ६५, स्टेनलेस, आणि खाली दुसऱ्या शाईत, नटची खाच अजून थोडी रुंद हवी.